गादीखालचे अंक

मध्यभारत राज्य झाल्यापासून दौलतरावांचं आयुष्य पेट्यांत चाललं होतं. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला बसायचं आणि उन्हाळ्यात इंदूरला. सरकारबरोबर फायली जायच्या आणि फायलींबरोबर कारकून. होळकरांच्या दप्तरात ते लागले तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. त्या वेळी दप्तर म्हणजे एक खुर्ची, एक खिडकी आणि खिडकीबाहेरचं ठरलेलं कडुलिंबाचं झाड होतं. आता वर्षातून दोनदा दोऱ्या बांधायच्या आणि दोनदा सोडायच्या. ग्वाल्हेरला भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवायची, आणि इंदूरला बडा गणपतीजवळच्या आपल्या घरी पोचलं की शशिकलाबाई म्हणायच्या, "आलात? बरं झालं. नळाचं बघा जरा."

या दगदगीत त्यांना एकच विसावा होता. त्यांना इंग्रजांची जुनी नाणी जमवायचा नाद होता.

नाद लागला तो लहानपणी. रेसिडेन्सीच्या बाजूला एक इंग्रज इंजिनिअर वारला आणि त्याच्या बाईनं विलायतेला परतण्याआधी घरातलं सामान विकायला काढलं. दौलतरावांचे वडील टेबल आणायला म्हणून गेले. टेबल दुसऱ्या कोणी नेलं होतं, तेव्हा रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून ते एक चांदीचं नाणं घेऊन आले. फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंगांचं. त्यावर व्हिक्टोरिया राणीच्या नावापुढे 'देवाच्या कृपेनं' ही नेहमीची अक्षरंच नव्हती, आणि म्हणे विलायतेत त्यावरून मोठी बोंब झाली होती. एवढी मोठी राणी, पण तिच्या टाकसाळीत देवाचं नाव गाळतात, ही गोष्ट पोराला भारी आवडली. तेव्हापासून जे सुरू झालं ते पन्नाशी आली तरी सुटलं नव्हतं. दप्तरातले लोक हसायचे. "इंग्रज गेले, भिया, आणि तुम्ही अजून त्यांच्या राणीला सांभाळून राहिले!" दौलतराव पण हसायचे आणि फाईल पुढे ओढायचे.

हा नाद कळणारा माणूस अख्ख्या इंदुरात आणखी एकच होता. तुकोगंजातले अप्पासाहेब. घराणं सरदारांचं, दौलतरावांचे आजोबा अप्पासाहेबांच्या आजोबांच्या पदरी होते. संस्थान विलीन झालं तशी अप्पासाहेबांनी बंगल्याची पुढची बाजू एका दातांच्या डॉक्टरला भाड्यानं दिली आणि मागच्या तीन खोल्यांत नवराबायको राहू लागले. पण बोलण्यातला रुबाब गेला नव्हता. ते दौलतरावांना नुसतं "दौलत" म्हणायचे, आणि दौलतराव त्यांच्यासमोर विचारल्याशिवाय खुर्चीत बसायचे नाहीत.

लंडनच्या एका नाण्यांच्या व्यापाऱ्याचं मासिक अप्पासाहेबांकडे यायचं. बोटीनं मुंबईला, तिथून गाडीनं इंदूरला. त्यात लेख असायचे, आणि मागच्या पानांवर येत्या लिलावाची यादी. एकेका नाण्याला नंबर, त्याचं वर्णन, आणि लिलावाची तारीख. तारखेच्या आत पत्र पोचलं तर आपल्या वतीनं तिथे बोली लागायची. अप्पासाहेब थेट लंडनला लिहायचे. दौलतरावांची तेवढी पोच नव्हती. ते मुंबईच्या फोर्टातल्या एका पारशी एजंटाला लिहायचे आणि तो पुढचं पाहायचा.

"एका गावात दोन अंक कशाला मागवायचे?" अप्पासाहेब फार पूर्वीच म्हणाले होते. "माझं वाचून झालं की तू नेत जा."

ते ऐकून तेव्हा दौलतरावांना धन्य वाटलं होतं. अंक हाती यायचा, घरी येऊन ते हात धुऊन तो उघडायचे, पेन्सिलीनं खुणा करायचे, एजंटाला पत्र टाकायचे. आणि उत्तर यायचं की लिलाव होऊन गेला. दर वेळी नाही, पण जेव्हा जेव्हा एखादं खरंच हवंसं नाणं असायचं तेव्हा हटकून. काही महिन्यांनी तेच नाणं अप्पासाहेबांच्या शिसवी खणात मखमलीवर दिसायचं. "तू उशीर केलास, दौलत," अप्पासाहेब म्हणायचे. "नशीब लागतं याला." दौलतरावांना ते पटायचं. बोटीला उशीर, टपालाला उशीर, एजंट आळशी. आपल्या वाट्याला सगळंच उशिरा येतं, बढतीसुद्धा, असं म्हणून ते सायकलीला टांग मारायचे.

मग अप्पासाहेबांचे डोळे गेले. काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, आणि त्या वर्षी दौलतराव ग्वाल्हेरहून आले तेव्हा अप्पासाहेब दार कुठल्या बाजूला आहे ते विचारत होते.

"आता तू वाचून दाखवायचं," ते म्हणाले. त्यात विनंतीबिनंती नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दौलतराव तुकोगंजात जाऊ लागले. पुढच्या बाजूनं डॉक्टरच्या यंत्राची घरघर यायची, कधी कोणी पेशंट ओरडायचा. अप्पासाहेब आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचे, हातात एखादं नाणं फिरवत. दौलतराव एकेक नंबर वाचायचे. अप्पासाहेब "सोड" तरी म्हणायचे किंवा "थांब, पुन्हा वाच". दुसऱ्यांदा वाचलं की त्यांच्या चेहऱ्यावर ते नाणं उमटल्यासारखं व्हायचं. दौलतरावांना मनातून ते बघायला आवडायचं. आठवडाभराच्या फायलींनंतर तेवढी एक दुपार त्यांना पुरायची.

एका रविवारी आनंदीबाई, अप्पासाहेबांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. अप्पासाहेबांचा डोळा लागला होता. बाई हळू आवाजात बोलत बसल्या.

"तुम्ही येता ते फार बरं होतं हो. आणि आता तो अंक गादीखाली ठेवायचं पण संपलं. गादी उचलून उचलून माझे हात दुखायचे."

"गादीखाली?" दौलतरावांनी विचारलं.

"हौ नं. आला की आधी तिथेच जायचा. लिलावाची ती काय तारीख असते, ती अगदी तोंडावर आली की म्हणायचे, काढ, आता दौलतला दे. मला वाटायचं तुमचं दोघांचं तसं ठरलेलं आहे."

बाईंच्या बोलण्यात आडपडदा काही नव्हता. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. दौलतरावांनी एक बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि ते तुटून कपात पडलं तरी तसेच बसून राहिले.

घरी जाताना ते सायकल हातात धरून पायी चालत गेले. राग येईल असं त्यांना वाटलं होतं. पण अंगात तेवढं त्राणच नव्हतं. एकेक नाणं आठवत होतं, ते कुठल्या वर्षी गेलं, त्या दिवशी अप्पासाहेब काय म्हणाले. नशीब लागतं याला. आणि आपण मान डोलावली होती. शशिकलाबाईंनी विचारलं, "तोंड का उतरलंय?" तर ते म्हणाले, "ऊन लागलं."

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी गेले, कारण नवा अंक आल्याचा निरोप आला होता.

त्या अंकात गॉथिक क्राउन होता.

क्राउन म्हणजे पाच शिलिंगांचं मोठं चांदीचं नाणं. अठराशे सत्तेचाळीस साली व्हिक्टोरियाचा एक वेगळाच क्राउन काढला होता. राणीच्या डोक्यावर मुकुट, पाठीवर वेणी, अंगातल्या कपड्यावर भरतकाम, आणि अक्षरं विलायतेतल्या जुन्या मठांतल्या पोथ्यांसारखी, काळी-जाड वळणाची. दौलतरावांनी त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. याआधी एकदा तो लिलावात आला होता आणि उशीर झाला होता. त्या वेळी तो अप्पासाहेबांनाही मिळाला नव्हता. कोणी तरी अमेरिकन वर चढला होता. म्हणजे दोघांच्याही खणात ती जागा रिकामी होती.

दौलतराव वाचत वाचत त्या नंबरापर्यंत आले. पुढचं वर्णन त्यांनी नजरेनं आधीच टिपलं होतं. अप्पासाहेब डोळे मिटून वाट पाहत होते.

"क्राउन," दौलतराव म्हणाले. "अठराशे पंचेचाळीस. राणीचा साधा चेहरा. फार झिजलेला. कडेला ठोकर."

"सोड," अप्पासाहेब म्हणाले. "पुढचं."

दौलतरावांनी पुढचं वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. दप्तरात इतकी वर्षं दुसऱ्यांचे हुकूम वाचून दाखवल्यानं गळा तयार झाला असावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एजंटाला विमानटपालानं पत्र टाकलं आणि आपल्या ऐपतीपलीकडची बोली लिहिली. शशिकलाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी निवडायचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "कधी काही मागितलं नाहीत. घ्या." त्यामुळे तर दौलतरावांना आणखीच थकल्यासारखं झालं.

नाणं मिळालं. कस्टम, दाखले, सह्या, परवानग्या सगळं होऊन रजिस्टर पार्सल बडा गणपतीच्या घरी आलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. दौलतरावांनी दार लावून घेतलं, पंचा पसरला आणि कापसातून ते नाणं काढलं. राणी डावीकडे बघत होती. कपड्यावरचा एकेक टाका दिसत होता. कडेवर फुगीर अक्षरं होती. ते किती तरी वेळ बघत राहिले. मग कोणाला तरी दाखवावं असं वाटून त्यांनी शशिकलाबाईंना हाक मारली.

"छान आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "राणी वाळलेली दिसतेय. जेवत नव्हती का?"

दप्तरातल्या शेजारच्या टेबलावर श्रीकृष्ण म्हणून एक सज्जन होते. एक दिवस दौलतरावांनी रुमालात गुंडाळून नाणं नेलं. श्रीकृष्णपंतांनी ते तळहातावर तोललं. "भारी आहे यार. चांदी किती निघेल?" दौलतरावांनी रुमाल परत बांधला.

आणि रविवार चालूच होते. लबाडी एकदा करून भागत नाही, हे त्यांना आता कळत होतं. पुढच्या अंकात त्या लिलावाचा वृत्तांत आला. त्यात गॉथिक क्राउनबद्दल दोन वाक्यं होती. ती गाळावी लागली, आणि गाळलेल्या जागी काही तरी आपल्या मनचं इंग्रजी बसवावं लागलं. नंतर कोणा वाचकानं त्याच क्राउनवर पत्र लिहिलं; ते पत्रच वगळावं लागलं. अप्पासाहेब एकदा म्हणाले, "अलीकडे अंक फार नीरस येऊन राहिलाय नं? पूर्वी केवढी माहिती असायची." दौलतराव म्हणाले, "हो, कागद पण हलका झालाय." दिवसभर फायली आणि रविवारी हे. ते घरी यायचे आणि न जेवता आडवे व्हायचे. खणातलं नाणं काढून बघायचंसुद्धा त्यांनी सोडून दिलं.

दसरा झाला. ग्वाल्हेरला निघायचे दिवस जवळ आले. दप्तरात पेट्या आल्या होत्या. त्या रविवारी दौलतराव तुकोगंजात गेले ते खिशात नाणं घेऊन. का घेतलं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

अप्पासाहेब म्हणाले, "वाच."

दौलतरावांनी अंक उघडला नाही. अप्पासाहेबांचा हात हातात घेऊन त्यावर नाणं ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी अप्पासाहेबांचा हात कधी असा धरला नव्हता.

"हे काय?"

"बघा."

अप्पासाहेबांनी अंगठा फिरवला. मुकुटावरून वेणीवर, वेणीवरून अक्षरांवर. मग नाणं उभं धरून नखानं कड चाचपली. पुढच्या बाजूला डॉक्टरचं यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं तरी नख कडेवरून फिरतच होतं.

"गॉथिक," शेवटी ते म्हणाले. "कोणाचं?"

"माझं."

"कुठल्या लिलावात?"

"उन्हाळ्यातल्या."

"तो तर तू मला वाचून दाखवलास. नंबरवार."

"दाखवला. हा मी पंचेचाळीसचा म्हणून वाचला."

अप्पासाहेब आरामखुर्चीतून उठायला लागले, तोल गेला, पुन्हा बसले. चेहरा लालबुंद झाला होता. "आंधळ्या माणसाला फसवलंस? तुझा आजा आमच्या घरचं मीठ..."

"गादीखाली अंक ठेवत होतात तुम्ही," दौलतराव म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवण्याइतका तो उरलाच नव्हता. "बाईसाहेब बोलल्या. सहज बोलल्या, त्यांचा काही दोष नाही."

"ती जास्त बोलते."

"इतकी वर्षं, अप्पासाहेब. मी बोटीला शिव्या देत होतो."

अप्पासाहेबांनी मान वळवली. ज्या बाजूला त्यांनी तोंड केलं त्या बाजूला नुसती भिंत होती. नाणं मात्र मुठीत होतं, आणि अंगठा अजून हळूहळू फिरत होता. दौलतराव थांबले. बऱ्याच वेळानं मूठ उघडली.

"घेऊन जा," अप्पासाहेब म्हणाले. "आणि येऊ नकोस."

दौलतराव त्यानंतर तुकोगंजात गेले नाहीत. एक रविवार गेला, मग दुसरा. शशिकलाबाईंना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. दौलतरावांनी नळ दुरुस्त केला, गच्चीवर वाळत घातलेल्या डाळीपाशी कावळे हाकत बसले, पेटीला नवी कडी लावली. दुपार सरता सरत नव्हती. अप्पासाहेबांवर राग होता, तो होताच. पण राग करायलासुद्धा समोर माणूस लागतो, आणि त्या नादापायी राग येण्यासारखा दुसरा माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता.

मग एका संध्याकाळी दाराशी टांगा थांबला आणि आनंदीबाई उतरल्या. "बडा गणपतीला आले होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, शशिकलाला भेटून जाऊ." त्यांनी हळदीकुंकू घेतलं, पाणी प्यायल्या, तब्येतीचं विचारलं. दौलतराव खालमानेनं कोपऱ्यात बसले होते.

"अंक आलाय," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "तसाच पडलाय, वेष्टनात. पुढच्या डॉक्टरला वाचायला बोलावलं होतं. बिचाऱ्यानं वाचलं दोन ओळी. यांनी हाकलून दिलं. म्हणे, दातांचं बिल वाचतोस की काय."

"त्यांनी मला बोलावलंय?" दौलतरावांनी विचारलं.

"ते कशाला बोलावतील? ओळखता नं तुम्ही. मी सांगतेय." मग त्या म्हणाल्या, "माझं चुकलं का हो, मी ते गादीचं बोलले ते?"

"नाही, बाईसाहेब. बिलकुल नाही."

रविवारी दौलतराव गेले. मंगळवारी ग्वाल्हेरची गाडी होती. अर्धं सामान बांधून झालं होतं. अप्पासाहेब आरामखुर्चीतच होते. दाढी वाढलेली होती. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण नाव घेतलं नाही. दौलतराव उभेच राहिले.

"बस," अप्पासाहेब म्हणाले.

दौलतराव बसले आणि त्यांनी वेष्टन फोडलं.

"एकमेकांना सांगून बोली लावायची," अप्पासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले. "एका नाण्यावर दोघांनी नाही."

"आणि दोघांनाही हवं असलं तर?"

"तर भांडू. उघड भांडू." ते खाकरले. "आणि पुढच्या वर्षापासून अंक तुझ्या नावावर मागव. तुझ्या घरी येऊ दे."

"मी सहा महिने ग्वाल्हेरला असतो, अप्पासाहेब."

"मग ग्वाल्हेरला मागव. तिथून घेऊन ये. शिळं वाचू. आता काय, तसंही उशिराच व्हायचं सगळं."

माफी कोणी मागितली नव्हती, आणि मागितली असती तर दोघांनाही ती कुठे ठेवावी हा प्रश्न पडला असता. त्यांनी अंक मागच्या पानांवर उघडला.

"एक अट," अप्पासाहेब बोट वर करून म्हणाले. "प्रत्येक नंबर दोनदा वाचायचा. दोन्ही वेळा सारखाच आला पाहिजे."

दौलतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. अप्पासाहेब थट्टा करत नव्हते. यादी लांबलचक होती, पाठीत कळ येत होती, आणि घरी राहिलेल्या पेट्यांच्या दोऱ्या आवळायच्या होत्या.

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला नंबर वाचला. तिसऱ्या जॉर्जचा शिलिंग, बऱ्यापैकी. मग तोच पुन्हा वाचला. अप्पासाहेब ऐकत होते, कपाळाला आठ्या घालून, शब्दाशब्दाशी शब्द लावून बघत. दुसरा नंबर. पुन्हा दुसरा नंबर. निम्मी यादी होईपर्यंत दौलतरावांचा घसा कोरडा पडला. आनंदीबाईंनी न सांगता तांब्याभांडं आणून त्यांच्या हाताशी ठेवलं, आणि ते पाणी पिऊन पुढे वाचू लागले.